दोन बाया पाणी

बाईंबद्दल मला चांगलं बोलता येत नाही. त्या गेल्या तेव्हा तीन-चार जणांचे फोन आले आणि प्रत्येकानं तेच वाक्य म्हटलं, "लय प्रेमळ होत्या." मी फोन ठेवून दिले. प्रेमळ! सातवीत असताना त्यांनी मला वर्षभरात एकदा शाबासकी दिली, तीही चुकून. वही दुसऱ्या मुलीची होती. लक्षात आल्यावर भर वर्गात त्यांनी ती शाबासकी परत घेतली आणि तिला दिली. त्या दिवशी घरी जाऊन मी आईला म्हटलं होतं, ही बाई मरायला पाहिजे. आता त्या खरंच गेल्या आहेत आणि माझा राग आहे तिथंच आहे. फक्त तो कोणाकोणावर आहे, हे नीट सांगायला हवं.

मानोरा तालुक्यातल्या आमच्या गावच्या जिल्हा परिषद शाळेत त्या मुख्याध्यापिका होत्या. मी आधी त्यांची विद्यार्थिनी आणि मग, नशिबानं म्हणा, त्यांच्याच हाताखाली शिक्षिका. अख्खं गाव त्यांना नुसतं 'बाई' म्हणायचं. सुती लुगडं आणि पायात पीटीच्या मास्तरांचे घालतात तसले पांढरे कॅनव्हासचे बूट, हा त्यांचा बारमाही वेश. घरी कोणी आलं तर पाच मिनिटांनी विचारायच्या, "झालं ना बोलून? मंग निंगा." लग्नाची पत्रिका आली की लाल पेनानं तिचं शुद्धलेखन तपासायच्या आणि मांडवात आहेरासोबत ती तपासलेली पत्रिका नवरीच्या बापाच्या हातात द्यायच्या. 'आशीर्वाद'ची वेलांटी ज्यानं चुकवली त्याच्या घरी त्या जेवत नसत. बिनजेवणाच्या परत येत. आमच्या गावात त्यांनी फार कमी लग्नांत जेवण केलं.

शांत असल्या की त्या पुस्तकी मराठी बोलत, रागावल्या की वऱ्हाडी. त्यांची पुस्तकी मराठी मी सगळं मिळून दहा वेळा ऐकली असेल.

निवृत्त झाल्यावर आमच्याकडचे शिक्षक वाशीमला नाहीतर अकोल्याला प्लॉट घेतात. बाईंनी घर बांधलं ते तलावाच्या काठावर. त्यांच्या बापाचं वावर तलावात गेलं होतं, वरचा एक पट्टा तेवढा उरला होता. तिथं दोन खोल्या, वर टिनं, आणि समोर पाण्याकडे तोंड केलेला, घरापेक्षा मोठा व्हरांडा. रोज सकाळी कासोटा घालून त्या पाण्यात उतरायच्या आणि सांडव्यापर्यंत पोहत जाऊन यायच्या. लहानपणी बापानं पाठीला वाळलेले भोपळे बांधून विहिरीत ढकलून दिलं होतं, तेव्हापासूनचं ते पोहणं. तलावाच्या बांधावरून पोहरादेवीच्या देवस्थानाकडे जाणारा रस्ता आहे. जीपमधली माणसं हात जोडायच्या ऐवजी मान वळवून या म्हातारीला पाहायची.

आता ती गोष्ट. ती टाळून बाईंचं काहीच सांगता येत नाही.

नवरात्राच्या आधी घरोघरच्या गोधड्या तलावावर धुवायला नेतात. सहा-सात वर्षं झाली त्याला. त्या रविवारी आम्ही चौघी बाया होतो. आमच्या चौघींपैकी एक होती ती कांचनची माय. तिची पोरगी कांचन मी शिकवायची त्या सातवीच्या वर्गात, तीही मायसोबत आली होती. तिनं पिळायला घेतलेली गोधडी हातातून सुटली आणि पाण्यावर सरकायला लागली. ती धरायला पोरगी पुढं गेली. दगडाची कड संपली आणि पाय सुटला. ओली गोधडी वासरासारखी जड होते. ती तिच्या अंगावरच आली. पोरगी दोनदा वर आली. आम्ही ओरडलो. मी माझ्या साडीचा पदर फेकला, तो पोहोचला नाही. तिची माय कमरेइतक्या पाण्यात धावली, तिला दोघींनी ओढून मागं आणलं. कोणालाच पोहता येत नव्हतं. मासे धरणारे भोई पलीकडच्या काठावर होते. ते थर्माकोलच्या तराफ्यावरून येईपर्यंत पाणी पुन्हा सपाट झालं होतं.

बाई पेन्शनच्या कामाला वाशीमला गेल्या होत्या. संध्याकाळी आल्या त्या सरळ काठावर. मी तिथंच बसले होते. मला वाटलं, निदान आज तरी पाठीवर हात ठेवतील.

"तू कुठं हुबी होती?" त्यांनी विचारलं.

मी दगड दाखवला.

"आन पोरगी?"

मी पाण्याकडे बोट केलं. बाई बुटांसकट पाण्यात उतरल्या. एकेक हात मोजत गेल्या आणि गळ्याएवढ्या पाण्यातून ओरडल्या, "दहा हात. दहा हात बी नाई. हेच्यासाठी गेली ते!"

मी रडायला लागले तर म्हणाल्या, "रडजो मंग. पाह्यलं तुमी नुसतं, चार बाया हुब्या राहून."

त्या रात्री आणि पुढच्या कित्येक रात्री मी त्यांचा तिरस्कार केला. कांचनच्या मायनंही मला कधी असं विचारलं नव्हतं.

सुतकाचे दिवस संपल्यावर बाईंनी शाळेत येऊन सांगितलं, "उद्यापासून पोरींनी पाण्यावर यायचं. मी शिकवते." पत्र्याचे डबे, ट्रकच्या ट्यूबा, दोर, सगळं घेऊन त्या तीन आठवडे काठावर बसल्या. एक मुलगी आली. गुडघाभर पाण्यात उभी राहिली. तिच्या आजीनं येऊन दंड धरून तिला नेलं. मुलगे तर लहानपणापासूनच सांडव्यावरून उड्या मारतात. त्यांना कोणी शिकवत नाही, कोणी अडवतही नाही. पाण्यात मुलीचं काम काय, तर कपडे. आणि काठसुद्धा वाटलेला. आमच्या बौद्धपुऱ्याचा घाट वेगळा, वरच्या आळीचा वेगळा. कुठं लिहिलेलं नाही, पण सगळ्यांना पाठ आहे.

एके दिवशी त्यांचा अर्ज टाइप करून द्यायला मी व्हरांड्यात बसले होते. माझ्या मोबाईलवर एक व्हिडिओ चालू झाला. परदेशातलं कुठलं तरी तळं, तळ्याकाठी कुणाचं घर, आणि पाण्यावर तरंगणारी एक मोठी गोल, हवा भरलेली गादी. वर ताणलेला पडदा. पोरं त्यावर उड्या मारतात आणि किंचाळत पाण्यात पडतात. बाईंनी फोन हातातून ओढून घेतला. सात वेळा पाहिलं.

"हे पायजे," त्या म्हणाल्या.

"बाई, ते परदेशातलं आहे."

"पानी परदेशातलं हाय काय?" मग पुन्हा एकदा पाहून म्हणाल्या, "पाह्य, हे पोट्टे पहिले हासून राह्यले, मंग पडून राह्यले. हासता हासता जे पडते ना, त्याले बुडन्याची याद राहत नाई. आपन पोरीईले पहिले भेव दाखवतो, मंग पानी."

त्या वस्तूला वॉटर ट्रॅम्पोलिन म्हणतात. आमच्या गावात तिचं नाव पडलं 'बाईची गादी'. आणि ती गादी निवडण्यात माझे पाच महिने गेले. शाळा सुटली की व्हरांड्यात हजर व्हायचं, फोन लावायचा आणि स्पीकरवर ठेवायचा. पलीकडून मुंबईचा किंवा सुरतेचा विक्रेता विचारायचा, "मॅडम, रिसॉर्ट का नाम?" बाई सांगायच्या, "जिल्हा परिषद शाळा, उच्च प्राथमिक." मग बाईंचे प्रश्न सुरू. हवा किती दिवस टिकते? उन्हानं कापड तडकते का? बेचाळीस-पंचेचाळीसचं ऊन हाय आमच्याकडं, तुमच्याकडच्या गोऱ्या उन्हाचं सांगू नका. शिडीला धार हाय का? एकानं स्प्रिंगवालं मॉडेल फार वाखाणलं, उसळी जास्त मिळते म्हणाला. बाईंनी विचारलं, "स्प्रिंगीत येनी अडकली तं?" त्याला येनी म्हणजे वेणी हेच कळेना. मी हिंदीत सांगितलं. तो हसला. बाईंनी फोन कापला आणि स्प्रिंगवालं कायमचं बाद.

मापाचाही असाच घोळ. दहा फुटी, तेरा फुटी, सोळा फुटी. त्यांनी खळ्यात चुन्यानं तीन वर्तुळं काढली आणि पाचवी ते सातवीच्या मुलींना त्यात उड्या मारायला लावल्या. दहा फुटीत डोक्याला डोकी लागली. सोळा फुटीत चार मुली मोकळ्या उडाल्या. ठरलं, सोळा, आणि एका वेळी चारच. रंग पिवळा, कारण गढूळ पाण्यात पिवळं लांबून दिसतं.

कापडाचा तुकडा त्यांनी नमुना म्हणून मागवला आणि मला घेऊन शेलूबाजारला गेल्या. तिथं युसूफभाई ताडपत्र्या आणि मंडपाचे पडदे शिवतात. युसूफभाईंनी तो तुकडा अंगठ्याच्या नखानं खरवडला, कडेला काडी लावून वास घेतला, दोन्ही हातांनी ताणला.

"बाई, कपडा एक नंबर हाय. शिवन नाई याले, गरम करून चिकटवेल हाय. पर काटा याचा बी बाप हाय. बाभूळ किती हाय तुमच्या काठाले?"

"लय हाय."

"मंग मी येतो. तुमी एकट्या करसान तं फाडसान."

बाईंना कोणी असं बोललेलं मी पहिल्यांदा ऐकलं. बाई चक्क म्हणाल्या, "या मंग."

परवानगीचं वेगळंच. संबंधित कार्यालयातून पत्र आलं की सदर वस्तू नौका आहे की बांधकाम आहे, याचा खुलासा करावा. बाईंनी उत्तर लिहिलं, "सदर वस्तू गादी आहे." त्यावर परत पत्र आलं नाही. नाही म्हणणारंही आलं नाही, तेव्हा बाईंनी ते हो धरलं.

पण खरा प्रश्न पाण्याचा होता. आमचा तलाव पोळ्याच्या सुमारास तुडुंब आणि वैशाखात अर्धा चिखल. गादीखाली बारा महिने खोल पाणी हवं, नाहीतर उडी मारणारीचे पाय तळाला लागून मोडायचे. म्हणून बाईंनी एक पूर्ण वर्ष पाणी मोजलं. दर अमावस्या-पौर्णिमेला भोयांच्या तराफ्यावर बसून, हातहातभर गाठी मारलेला दोर आणि टोकाला दगड. मी वहीत लिहायची. एकदा तराफा चालवणारा म्हातारा म्हणाला, "इथं दोन पुरुष पानी हाय, बाई." खोली आमच्याकडे तशीच मोजतात, पुरुषाच्या उंचीनं. बाई भडकल्या.

"बुडतात बाया, आन मोजाले पुरुष? लिव्ह गं, दोन बाया पानी."

मी लिहिलं. वर्षभराच्या त्या वहीत सगळीकडे तसंच आहे. दीड बाई, अडीच बाया, आणि वैशाखात जुन्या नाल्याच्या पात्रावर एकच जागा, जिथं दोन बाया पाणी राहिलं. तिथं गादी बसवायची ठरली.

ती बसवली त्या दिवशी अर्धं गाव काठावर होतं. बाईंनी आणि युसूफभाईंनी आधी काठ झाडून काढला, त्यावर दोन ताडपत्र्या टाकल्या, बाभळीचा एकेक काटा वेचला. ट्रकचे जुने टायर सिमेंटनं भरून तीन नांगर केले होते. ते भोयांनी तराफ्यावरून नेऊन तीन बाजूंना सोडले. दोराला हातहातभर अंतरावर फासे. पाणी चढलं की दोर एक फासा सोडायचा, उतरलं की आवळायचा. हवा भरायच्या पंपाची वीज अर्ध्यावर गेली. मग ट्रॅक्टरच्या कॉम्प्रेसरनं भरली. तेवढ्यात वारा आला आणि ते पिवळं धूड उभं राहून बांधाकडे गडगडत निघालं. मागं युसूफभाई टोपी सांभाळत आणि त्यांच्या मागं बाई, कॅनव्हासचे बूट, हातात दोर, तोंडात शिव्या. लोक पोट धरून हसत होते. त्या हसणाऱ्या गर्दीतून कोणी पुढं होऊन गादी धरली नाही, हेही मी पाहिलं.

दुपारपर्यंत ती पाण्यावर होती. युसूफभाईंनी थर्माकोल भरून शिवलेली जाकिटं घालून बारा मुली तराफ्यावरून तिथवर गेल्या. मायांना बाईंनी काय सांगितलं होतं कोण जाणे. पण वर चढून एकही उडी मारीना. बाई स्वतः शिडीनं वर चढल्या. वय अडुसष्ट. मधोमध उभ्या राहिल्या, तीनदा उसळल्या, आणि चौथ्यांदा बाजूला पाण्यात. त्या वर आल्या, केसांतलं पाणी निथळत म्हणाल्या, "काय पाहून राह्यल्या? पिच्चर हाय काय?" पहिली मुलगी हसली. ती हसतच पडली. मग रांग लागली.

मी काठावर बारा टॉवेल घेऊन उभी होते. बाई परत आल्यावर माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "तू काय टॉवेलचं झाड हायस काय?"

महिनाभरात मुली वाढल्या. पाण्याच्या मध्यावर कुणाचाच घाट नव्हता. आमच्या पुऱ्यातल्या, वरच्या आळीतल्या, तांड्यावरच्या, मुसलमानांच्या दोघी, सगळ्या एकाच गादीवरून पडत. आणि तेच काही जणांना खुपलं, हे मी आता स्पष्ट लिहिते. तोंडानं मात्र ते वेगळंच बोलले.

उपसरपंच चार जणांना घेऊन व्हरांड्यात आला. तो बाईंचाच विद्यार्थी.

"बाई, पोट्ट्या उड्या मारून राह्यल्या, सारं रस्त्यावरून दिसते. यात्रेच्या दिवशी गाड्या थांबल्या होत्या बांधावर."

"मंग गाडीवाल्याईले सांग, खाली पाहून चला म्हना."

"गावाची अब्रू हाय, बाई."

"पोरगी बुडाली तवा कुठं धुवाले गेली होती तुही अब्रू?"

ग्रामसभा बोलावली. ठराव असा की सहावीच्या वरच्या मुलींनी गादीवर जाऊ नये. काही अपघात झाला तर जबाबदार कोण, असाही मुद्दा निघाला. तो मुद्दा खोटा नव्हता. पण कांचन गेली त्या वर्षी तो कोणाला सुचला नव्हता. मग उपसरपंचानं मला उभं केलं. "तुमी शाळेतल्या बाई. तुमचं काय मत हाय?"

सगळे माझ्याकडे वळले. बाई पहिल्या रांगेत होत्या, त्यांनी मान वळवली नाही. मला बदलीची भीती वाटली, तक्रारीची वाटली, आमच्या पुऱ्यातल्या बाईनं जास्त बोलू नये अशी जी एक जुनी भीती असते ती वाटली. मी म्हटलं, "शाळेचा याच्याशी संबंध नाही."

एवढंच एक वाक्य. मला ते अजून तोंडात कडू लागतं.

ठराव मंजूर झाला. बाईंनी ठरावाचा कागद मागून घेतला, ब्लाउजमधून लाल पेन काढलं, दोन ठिकाणी गोल केले आणि उपसरपंचाला कागद परत दिला. "अब्रूचा रू मोठा असते. पहिले लिव्हाले शिक, मंग वाचव." आणि निघून गेल्या. दुसऱ्या दिवशी मुली होत्या तितक्याच आल्या, कारण सहावीच्या वरच्या मुलींना बाईंनी विचारलं, "ठराव तुमी केला काय?" त्या म्हणाल्या, नाही. "मंग?"

त्यानंतर आठवड्यानं सकाळी गादी अर्धी बुडालेली दिसली. भोयांनी ओढून काठावर आणली. तीन चिरा, प्रत्येक हातभर लांब. युसूफभाई जीप पकडून आले. बोट फिरवून म्हणाले, "चाकू नाई हा. विळा हाय."

तीन दिवस ते दोघं व्हरांड्यात बसून कापड चिकटवत होते. बाई कापड ताणून धरत, युसूफभाई डिंक लावून वरून गरम इस्त्री दाबत. मी तिसऱ्या दिवशी गेले आणि म्हटलं, "पोलिसात तक्रार करा."

"नाई."

"कोणी केलं ते माहीत नाही म्हणून?"

"माहीत हाय मले. त्याची पोरगी येते आपल्याकडं. आता कुठं तोंड पान्यात घालाले लागली. नाव घेतलं का बंद होईन तिचं येनं."

मला काय झालं कोण जाणे. आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांच्यावर ओरडले. "तुम्हाला राग येत नाही का हो? वर्षभर पाणी मोजलं, काटे वेचले, आणि हे असं कापून ठेवलं! राग येत नाही?"

बाईंनी कापड सोडलं नाही. "येते ना. म्हनून तं चिकटवून राह्यली." मग पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. "तुहा कुठं हाय? सभेत तं दिसला नाई."

युसूफभाईंनी मान खाली घातली. मी पायऱ्या उतरून घरी आले. रात्रभर त्या बाईला उत्तरं देत होते मनात, एकाहून एक चांगली. सकाळी पंजाबी ड्रेस घालून तलावावर गेले आणि काही न बोलता पाण्यात उतरले.

मला शिकवताना त्यांनी मुलींना कधी दिल्या नाहीत तेवढ्या शिव्या दिल्या. म्हैस बी तरंगते, तू कायची शिक्षिका. हात हाय का लाटनं. नाकातोंडात पाणी गेलं की ओरडायच्या, "पी, पी, तलाव आटला तं बरंच हाय." मुली गादीवर बसून हसायच्या, माझ्या विद्यार्थिनी. एकोणिसाव्या दिवशी मी काठापासून गादीपर्यंत एकटी गेले. शिडी धरली. छाती फुटायला आली होती. वाटलं, आता तरी म्हणतील.

बाई वरून म्हणाल्या, "उशीर केला."

त्यांना कुठला उशीर म्हणायचा होता हे आम्हा दोघींनाही माहीत होतं. याबद्दल मी त्यांना माफ केलेलं नाही. त्यांचं खरं होतं म्हणूनच केलेलं नाही.

पुढं तीन वर्षं गादी चालली. मी कधी मुलींसोबत असायची, कधी नसायची. पाणी चढलं की मुलीच दोराचा फासा सोडायच्या, उतरलं की आवळायच्या. बावीस मुली नीट पोहायला शिकल्या. ज्यानं विळा चालवला त्याचीही.

शेवटी बाईंना अकोल्याच्या दवाखान्यात ठेवलं होतं. मी भेटायला गेले. डॉक्टर सांगून गेले की फुप्फुसात पाणी झालंय. बाईंनी मला जवळ बोलावलं. "इचार त्याले, किती पानी हाय. दोन बाया का एक?" मी हसले नाही. त्यांनाही हसायचं नव्हतं. त्या चिडल्या होत्या, कारण पाणी आत होतं आणि पोहता येत नव्हतं. तिसऱ्या दिवशी गेल्या.

शोकसभा शाळेच्या मैदानात झाली. टेबलावर फोटो, हार, उदबत्ती. फोटोतही त्या रागावलेल्याच होत्या, पण एकामागून एक माणूस उठून म्हणत होता, प्रेमळ, मायाळू, गावाची माय. उपसरपंचानं जाहीर केलं की बाईंच्या नावानं गावाच्या वेशीत कमान उभारू. आणि त्याच दमात सांगितलं, तलावातली ती वस्तू आता ग्रामपंचायतीच्या खोलीत सुरक्षित ठेवली आहे. बाई नाहीत, जबाबदारी कोणाची? तेव्हा कुलूप लावलंय.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. शोकसभेत.

मी उभी राहिले.

"बाई प्रेमळ नव्हत्या," मी म्हटलं. "तुम्ही खोटं बोलताय. त्या आपल्यावर रागावलेल्या होत्या. मरेपर्यंत. आणि त्यांनी रागवावं असंच आपण वागलो. चार बाया काठावर उभ्या होतो, त्यातली मी एक. ग्रामसभेत मला मत विचारलं तेव्हा शाळेचा संबंध नाही म्हणणारीही मीच. कमान कशाला? कमानीखालून जाऊन कोणी पोहायला शिकतं का? जबाबदारी कोणाची विचारता ना? माझी. लिहून घ्या. कुलूप काढा."

उपसरपंच म्हणाला, "म्यॅडम, हे सभेचं ठिकान नाई." मागच्या बाजूला, बायांमध्ये, कोणीतरी उठलं. कांचनची माय. इतक्या वर्षांत ती तलावाच्या बाजूला फिरकली नव्हती. कपडे ती हापशीवर धुवायची. शोकसभेलाही ती का आली हे मला कळलं नव्हतं. ती सभेकडे पाहतच नव्हती, माझ्याकडे पाहत होती.

"मले शिकवता काय?" तिनं विचारलं.

ती पुन्हा म्हणाली, या वेळी जरा चढ्या आवाजात, "मी इचारून राह्यली तुमाले. मले शिकवता काय पोहाले?"

"उद्या सकाळी या," मी म्हटलं. "साडीला कासोटा घालून."

तिच्यासमोर नाही म्हणायची हिंमत त्या मैदानात कोणाची नव्हती. उपसरपंचानं खिशातून किल्ली काढली. माझ्या हातात दिली नाही, फोटोसमोर टेबलावर ठेवली. मी उचलली.

गादी मुलींनीच बसवली. मी नुसती उभी होते. ताडपत्री अंथरली, काटे वेचले, हवा भरली, दोराचे फासे मोजून अडकवले. युसूफभाईंनी लावलेल्या एका ठिगळातून हवा जात होती, तिथं एकीनं ओला हात दाबून धरला आणि दुसरी डिंक आणायला पळाली.

कांचनची माय आली. दगडावर थांबली. मग एकेक पाऊल टाकत कमरेइतक्या पाण्यात आली आणि तिथं तिनं दोन्ही हात उचलून पाण्यावर मारले. पुन्हा मारले. ती पाण्याला शिव्या देऊ लागली. तिच्या तोंडून मी तसले शब्द कधी ऐकले नव्हते, मुलींनीही नव्हते. मुडद्या, म्हणाली. खाऊन घेतलं म्हणाली. पाणी उडून तिच्याच तोंडावर येत होतं, ती मारतच होती. एक मुलगी पुढं व्हायला लागली, मी तिला हातानं थांबवलं. कोणी तिला जवळ घेतलं नाही. खूप वेळ चाललं ते. हात दमले तेव्हा ती थांबली आणि धापा टाकत माझ्याकडे वळली.

"आता काय करू?"

"पाठीवर झोपा. पाय उचला."

तिनं मान हलवली. बोटं माझ्या दंडात रुतली होती.

"नाई जमत."

"पाय उचल म्हणते ना!" मी ओरडले, इतक्या जोरात की बांधावरचा माणूस थांबला. "माझे हात हायेत खाली. उचल!"

तिनं डोळे घट्ट मिटले आणि दोन्ही पाय उचलले.